शेठच्या गाडीतली खडखड

ज्या गाडीत फ्रीज आहे, शेगडी आहे, झोपायला गादी आहे, इतकंच काय संडासही आहे, त्या गाडीला एका जागी गप उभं राहता येऊ नये, याचा मला अजून राग आहे.

गाडी आमच्या शेठची. मी पांडेसऱ्यात एका खात्यात फिटर आहे. कापड विणायच्या लूम्स जिथे चालतात त्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. शेठना मध्यंतरी हौस आली आणि त्यांनी एका मिनीबसचं फिरतं घर बनवून घेतलं. एकदा सापुताऱ्याला गेले, एकदा दमणला. दमणहून येताना शेठाणी अर्ध्या वाटेत उतरल्या आणि भावाच्या गाडीत बसून घरी आल्या. कारण त्या घराला वीज देणारा जनरेटर. तो सुरू केला की गाडीच्या पोटात कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवतंय असं वाटायचं. कपाटं थरथरायची, दारं वाजायची, बोलणाऱ्याचा आवाज कापरा यायचा. तेव्हापासून ती गाडी गोडाउनच्या मागे ताडपत्री पांघरून उभी होती आणि तिच्याखाली कुत्री झोपत होती.

मला ती गाडी हवी होती, आणि ती आबांसाठी हवी होती.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या आमच्या गावातून ते पोरसवदा वयात सुरतेला आले आणि सगळी उमेद लूम्सवर घालवली. त्यात आधी कान गेले, मग फुफ्फुसं. कानांबद्दल त्यांची तक्रार नाही. खात्यातल्या जुन्या माणसांत धड ऐकू येणारा आहे कोण? पण आता चार पावलं जास्त चालले तरी धाप लागते, आणि आडवं झालं की नाकात नळी लागते. हवेतून ऑक्सिजन काढणारं एक मशीन डॉक्टरांनी घरात ठेवायला लावलंय. आबांना त्याची घरघर ऐकू येत नाही, म्हणून ते त्याच्यावर हात ठेवूनच झोपतात. मिक्सर चालू आहे का, पाण्याची मोटर चढली का, सगळं ते हातानेच बघतात. सून स्वयंपाक करत असताना मध्येच येऊन फ्रीजला हात लावून जातात. ती वैतागते, आणि बाजूला सरकून वाट देते.

आता कानबाईचं सांगतो, कारण सगळी भानगड तिच्यापायी. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई ही देवी घरात बसते. आमचे सगळे भाऊबंद गावातल्या थोरल्या घरी जमतात आणि रोट होतात, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. त्यांचे गहू घ्यायची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची सव्वा मूठ. आणि आमच्या घराण्यात रोट उंबऱ्याबाहेर जात नाही. डब्यात भरून पाठवायचा नाही, शेजारी द्यायचा नाही. ज्याला खायचा त्याने घरी यायचं.

आजारपणामुळे आबांचं दोन वर्षं जाणं झालं नाही. त्यांच्या नावची मूठ पडली, रोट झाला, आणि पुतण्यांनी तो आपसात वाटून खाल्ला. हे त्यांना फोनवर कळलं. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"मी जित्ता शे," ते म्हणाले, "आनि मना वाटा ह्या वाटी खातस."

मी म्हटलं, यंदा जायचं. काहीही होवो, यंदा जायचं.

म्हणणं सोपं. वाट लांबची, तिथे दोन दिवस राहणं, आणि गावात श्रावणात वीज पाहुण्यासारखी येते. मशीनला तर वीज सारखी हवी. डॉक्टर म्हणाले, अँब्युलन्स करा. आबांनी एका वाक्यात निकाल लावला. "अँब्युलन्समा बसीसन गावमा गऊ ते लोके रडत भाईर येतीन." मलाही ते पटलं. सणाच्या दिवशी दारात अँब्युलन्स उभी राहिली तर आमच्या काकू खरंच छाती बडवतील, आत कोण आहे हे बघायच्या आधी.

तेव्हा मला शेठची गाडी आठवली. शेठ माणूस बरा आहे, पण फुकट काही देत नाही. मी विचारलं तर हसले आणि म्हणाले, "आनो अवाज बंद करी आप, पछी लई जा तारा बापाने गामडे." म्हणजे आधी हिचा आवाज बंद कर, मग घेऊन जा बापाला गावी. मला वाटलं, एवढंच ना! आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? ज्या लूमचा आवाज बदलला ती दुरुस्त करायची, याचाच पगार घेतो.

तर गाडी बमरोलीत आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेत आली आणि माझा छळ सुरू झाला.

पहिल्या दिवशी मी अगदी खुशीत होतो. खडखड म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटलेलं असणार. जनरेटर गाडीच्या कुशीत, आतल्या फरशीखालच्या एका लोखंडी कप्प्यात बसवला होता, बाहेरून दार उघडून दिसेल असा. तो सुरू केला आणि आत जाऊन कान लावले. स्वयंपाकाच्या कपाटात शेठाणींच्या वाट्या, चमचे, काचेचे पेले. सगळं बाहेर काढून बायकोच्या ओट्यावर ठेवलं. खडखड कमी झाली! मी बाहेर येऊन शर्टाला हात पुसले, चहा मागवला. चहा येईपर्यंत कळलं की कमी झाली ती भांड्यांची. बाकीची होती तशीच होती, उलट आता नीट ऐकू येत होती.

मग धुराची नळी. ती गाडीच्या सांगाड्याला एका ठिकाणी घासत होती. मी ती पट्टीने सांगाड्याला जखडून टाकली. मग कप्प्याच्या दाराची कडी. तिला चामडं लावलं. मग पाण्याच्या टाकीचा पट्टा. मग पंख्याची जाळी. खातं सुटलं की मी गाडीखाली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका भागाला लावायचं आणि मूठ कानाला लावून ऐकायचं. एक आवाज पकडला की दुसरा दुसऱ्या टोकाला सुरू. इथे गप केलं की तिथे बोलतं. भरल्या घरातल्या सासवा-सुनाही इतक्या पाळीपाळीने बोलत नसतील.

त्यात बघे. आमच्या गल्लीत सगळे लूमवाले. कुणी खानदेशी, कुणी मराठवाड्याचे, पण यंत्राबद्दल मत नाही असा माणूस औषधाला सापडायचा नाही. येणारा-जाणारा थांबायचा, वाकायचा, ऐकायचा आणि एकच सल्ला देऊन जायचा: आवळा. आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, पण मधूनमधून उठून गाडीच्या पत्र्यावर पंजा ठेवायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे.

"हालस ते आवय ना," त्यांनी मला बजावलं. "कसाले देखत बसना?"

मी काही बघत बसलो नव्हतो. मी पाठीवर झोपून डोळ्यांत गंज घेत होतो. पण ते बोलले त्यात चूक काय होतं? खात्यात आम्ही तेच करतो. लूम नाचायला लागली की तिच्या पायांखालचं जे मऊ पडलंय ते काढायचं, लाकडाची कडक पाचर ठोकायची आणि बोल्ट इतका आवळायचा की पाना वाकेल. लूमचा पाय जमिनीत रुतून बसला की ती गप होते. माझ्या हातांना हे शिकवावं लागत नाही, ते झोपेतसुद्धा करतील.

म्हणून जनरेटरच्या चार पायांखाली जेव्हा मला चार रबरी ठोकळे दिसले, वाळून चिरलेले, एक तर पार चेपलेला, तेव्हा मला हर्ष झाला. सापडला चोर! इतक्या जड यंत्राखाली रबर ठेवतात का कुणी? ज्याने ही गाडी बांधली त्याला मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. ठोकळे काढून फेकले, सागाच्या कडक पट्ट्या कापल्या, पायांखाली सारल्या आणि चारही बोल्ट सगळं वजन टाकून आवळले. आबांनी खुर्चीवरून हात केला, "आखो. आखो आवय." मी आणखी आवळले. गल्लीतल्या दोघांनी पाना धरून बघितला आणि शाबासकी दिली.

सुरू केला. खडखड खरंच थांबली. पण तिच्या जागी एक घुमघुम आली, अशी की सगळी गाडीच जनरेटर झाली. पायांतून चढून दातांत यायची. मी स्वतःची समजूत घातली की खडखड बंद करायचा शब्द होता, तो मी पाळला. घुमघुमीचं कुणी काही बोललं नव्हतं.

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात आम्ही चलथाणपर्यंत चक्कर मारून बघायचं ठरवलं. आबांना आतल्या पलंगावर झोपवलं, मशीन त्याखालच्या कप्प्यात पट्ट्याने बांधलं. वळणावर ते कलंडणार नाही अशी तेवढी एकच जागा गाडीत होती. बायको त्यांच्याजवळ बसली. साखर कारखान्याच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. हंगाम नव्हता, रस्ता मोकळा होता. इंजिन बंद केलं आणि जनरेटर तेवढा चालू ठेवला, कारण गावात गाडी अशीच उभी राहणार होती.

काचा झिणझिणत होत्या. बायकोने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. आबा मात्र खुश. भिंतीला टेकून, तळवा गादीवर पसरून, खात्यात दुपारच्या सुट्टीत बसावं तसे बसले होते. "चांगलं चाली ऱ्हायनं," म्हणाले.

आणि जरा वेळाने तेच एकदम ताठ झाले. "बंद पडनं."

मी म्हणणार होतो की कुठे काय, तेवढ्यात मशीन किंचाळायला लागलं. जनरेटर त्याच्या जागी चालूच होता, पण त्याच्या अंगावरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, कंपाने खाली पडला होता आणि मशीनची वीज गेली होती. मी धावत जाऊन तो वर केला. परत पडला. वर केला, बोटाने दाबून धरला. बोट काढलं की पडला. बायको आतून ओरडत होती, आबांचा श्वास कुत्र्यासारखा भरभर चालला होता, आणि मी रस्त्याच्या कडेला एका बटणावर बोट दाबून उभा होतो. त्या घटकेला मला त्या गाडीचा, शेठचा, स्वतःच्या फिटरपणाचा, सगळ्याचा इतका संताप आला की मी तिच्या पत्र्यावर लाथ मारली. लागली मलाच.

इंजिन सुरू करून तसंच घर गाठलं. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर मशीन कसंबसं चाललं, पण तिचाही जीव जेमतेम घरी पोचण्याइतकाच होता. घरात नेहमीच्या जागी मशीन लागलं, आबांनी त्याच्यावर हात ठेवला, धाप कमी झाली. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खाऊ दे त्यासले मना वाटा."

ते रागावले असते तर मला चाललं असतं. भांडले असते तर मीही भांडलो असतो. पण ते नुसते पाठ करून पडून राहिले, आणि ते मला सहन होईना. उधन्याच्या एका जनरेटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, दुसरा बसवा. जसा काही मी टाटा-बिर्लाच लागून गेलो! मी फोन ठेवला आणि दोन दिवस गाडीकडे फिरकलोच नाही. गल्लीतले विचारायचे, काय झालं रे गाडीचं? मी वाट बदलून खात्यावर जायचो.

मग गहू दळायचा दिवस आला. आमच्याकडे प्रत्येक घराने आपल्या मुठींचं पीठ दळून गावी न्यायचं असतं. बाहेरच्या गिरणीत ते चालत नाही, दुसऱ्यांच्या पिठात मिसळतं. बायको न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन घरघंटीपाशी बसली. गव्हाची सव्वा मूठ माझी टाकली, सव्वा मूठ लेकाची. तिसऱ्यांदा तिने हात भरला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तिने मूठ टाकली.

"आबासना नावनी टाकी दिनी," ती म्हणाली. "जानं नही जानं ते तुम्ही देखा."

घरघंटी सुरू झाली आणि नाचायला लागली. तिच्या चार पायांतल्या एका पायाचं रबर कधीचं निघालेलं होतं. ठणठण ठणठण. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं थांब, आणि लाकडाचा एक तुकडा आणून घरघंटी आणि भिंत यांच्यामध्ये ठोकून बसवला. घरघंटी हलायची थांबली आणि भिंत हलायला लागली. मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजली, वरचा पितळी डबा घरंगळत खाली आला आणि माझ्या खांद्यावर आदळला.

"भिंत पाडशात का आते?" बायको ओरडली. "आठेबी तेच? सोडा ते!"

मी लाकूड काढलं आणि पायातली रबरी चप्पल पुढे केली, की हिचा तुकडा लाव. तिने असं काही बघितलं, की मी चप्पल घालून मुकाट्याने बाहेर जाऊन उभा राहिलो. कानबाईच्या पिठाखाली चप्पल! मला अक्कल नाही हे तिने तोंडाने सांगायची गरज नव्हती. तिने ओट्याखालून गॅसची जुनी बदललेली नळी काढली, तिचा तुकडा कापून, गोल करून मोडक्या पायाखाली ठेवला.

घरघंटी चालू लागली. ती स्वतः हलत होती, अगदी डोळ्यांना दिसेल अशी डुलत होती. पण भिंत गप, मांडणी गप, फरशी गप. मी दारातून बघत राहिलो. खांदा ठणकत होता. आत जाऊन फरशीवर हात ठेवून बघितला, आबांसारखा. काही नाही.

म्हणजे हे असं आहे तर. लूमच्या खाली जमीन असते. जमीन कितीही धक्के पोटात घालते. गाडीच्या खाली चाकं आणि भोवती पत्रा. तिथे जनरेटर जखडला की त्याचा सगळा त्रागा पत्र्याने उचलायचा. त्याला डुलायला मोकळीक द्यायची असते आणि मी त्याला खुंटीला बांधून वर पाना फिरवत होतो. मी, आबा आणि आमची सगळी गल्ली! आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नसतं, कारण आम्ही सगळ्यांनी जन्मभर फक्त आवळलंय.

उधन्यालाच जाऊन रबराचे नवे ठोकळे आणले. सागाच्या पट्ट्या काढताना नाकी नऊ आले, इतक्या मी स्वतःच ठोकून ठेवल्या होत्या. ठोकळे बसवले, बोल्ट बेताने आवळले. हात आणखी आवळायला शिवशिवत होते, म्हणून पाना मी बायकोकडे देऊन टाकला. धुराची जखडलेली नळी सोडवली आणि तिलाही रबरात टांगली. जनरेटर सुरू झाला. कप्प्यात तो डुलत होता आणि एमसीबी जागचा हलला नाही. आत एकच बारीक खडखड उरली, पलंगाच्या डोक्याशी भिंतीला लावलेल्या फळीची. तिचा एक स्क्रू ढिला होता. तो आवळला आणि गाडी अशी गप झाली की मला टाकीतलं पाणी हललेलं ऐकू आलं. मी आत एकटाच उभा राहिलो आणि हसलो. सांगायला लाज कसली, डोळ्यांतून पाणी आलं.

रविवारी पहाटेच निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. रस्त्याच्या धक्क्यांत आबा मजेत होते, खिडकीतून शेतं बघत होते आणि कुणाचं पीक कसं यावर एकटेच शेरे मारत होते. गावात गाडी शिरली तेव्हा लोक बाहेर आले, पण रडत नाही. आमच्या काकूंनी आधी संडास बघितला आणि मग दिरांची चौकशी केली.

दुपारी थोरल्या घरात चुलीवर रोट चढले होते. आबांना पायरी चढायच्या आधी पडून घ्यायचं होतं, म्हणून ते गाडीत आडवे झाले. नळी लावली. गावची वीज गेली होतीच. मी जनरेटर सुरू केला, लोणी कापावं तसा चालला. चुलतभाऊ शेजारी उभा होता, त्याला मी विचारलंसुद्धा, की येतो का काही आवाज? म्हटलं, जरा कौतुक करून घ्यावं.

आतून आबांची हाक आली. गेलो तर ते उठून बसलेले, नळी काढून हातात धरलेली, तोंड उघडं.

"बंद पडनं."

"चालू शे, आबा!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"नही. मले कळस." त्यांनी गादीवर हात ठेवला. मग भिंतीवर. मग वाकून खालच्या फळीवर. हाताला कुठे थरथर लागेना. मी नळी त्यांच्या नाकाशी धरली, गालावर धरली, की ही बघा हवा येतेय. पण घाबरलेल्या माणसाला एवढीशी हवा काय जाणवणार? ते माझा हात झटकत होते, श्वास वाढत होता, आणि मला पुन्हा चलथाणचा रस्ता दिसायला लागला. मशीनवर हात ठेवू द्यावा, तर ते पलंगाखालच्या कप्प्यात कोंडलेलं, पडल्या जागेवरून हात पोचणार नाही असं. मी त्यांना खांद्याला धरून हलवलं. ओरडलो, की एवढं मरमर करून गप केलंय ते तुमच्यासाठीच ना, आणि आता तुम्हाला ते चालत नाही! हे त्यांना ऐकू आलं नाही, बरंच झालं.

आणि ओरडता ओरडताच मला उमगलं. चलथाणला मशीन किंचाळायच्या आधी त्यांना कळलं होतं. त्यांच्या गादीखालची घुमघुम बदलली होती. आमच्या डोक्याला ताप होता तो त्यांना निरोप होता, की चालू आहे, तुझा श्वास येतोय. तो निरोप मी रबर लावून, स्क्रू आवळून, दर संध्याकाळी गाडीखाली झोपून, मोठ्या कौतुकाने बंद केला होता.

मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्यांच्या उशाशी असलेल्या फळीचा तो स्क्रू ढिला केला. फिटर झाल्यापासून चालू यंत्रावरचं काही मी मुद्दाम ढिलं केल्याचं मला आठवत नाही. फळी थरथरायला लागली, आणि मग वाजायला लागली, शेठाणींना आवडत नव्हती अगदी तश्शीच. मी आबांचा पंजा उचलून तिच्यावर ठेवला.

त्यांनी जरा वेळ तो तसाच ठेवला. बोटं पसरली. मग स्वतःच नळी नाकात घातली आणि आडवे झाले, पण हात फळीवरून काढला नाही. "हां," म्हणाले. "आते चाली ऱ्हायनं." बाहेरून चुलतभाऊ ओरडला, की भाऊ, परत खडखडायला लागलं! मी त्याला सांगितलं, वाजू दे.

रोट तयार झाल्यावर ते माझ्या आणि पुतण्याच्या आधाराने उंबरा चढले. कानबाईपुढे बसले, नळी नसताना, आणि कुणाला हात लावू न देता आपला रोट संपवला. मधे दोनदा थांबले, श्वास घेतला, पुन्हा खाल्लं. शेवटचा घास तोंडात टाकून त्यांनी रिकामं ताट पुतण्यांना दाखवलं.

परत आल्यावर शेठ गाडी बघायला आले. जनरेटर सुरू केला, आत बसले, मान डोलावली. मग डोकं तिरकं केलं. "आ अवाज तो हजी आवे छे," पलंगाकडे बोट दाखवून म्हणाले. म्हणजे हा आवाज तर अजून येतोच आहे.

मी म्हटलं, एक स्क्रू राहिलाय शेठ.

"तो टाइट करी दे ने!"

मी म्हटलं करतो, आणि श्रावणात पुढच्या वर्षीही गाडी मिळेल का ते विचारलं. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशातच होता.